कॉलनीत मंडळ काढायचंय: आधी नोंदणी की आधी काम?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. कोल्हापुरात फुलेवाडी रिंग रोडजवळ साठेक घरांची कॉलनी. निम्मी कुटुंबं गेल्या काही वर्षांत आलेली, कुणी गडहिंग्लज-चंदगडकडची, कुणी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला जाणारी. मधोमध एक मोकळी जागा, तिच्यावर गाजरगवत, खरमाती (बांधकामाचा राडारोडा) आणि कॅरीबॅगमधला कचरा. गणपतीची दोन मंडळं, पण एकमेकांशी बोलणं नाही. व्हॉट्सअॅपवर बैठकीचा निरोप टाकला तर पाच जण आले. म्हणून तुम्ही विचारताय की संस्था नोंदवायची कशी, महिन्याला वर्गणी किती ठेवायची आणि पहिल्या कार्यक्रमाला नगरसेवकांना बोलवायचं का.

तिन्हींची उत्तरं देतो, पण त्याआधी एक सांगायला हवं. साठ घरांतल्या माणसांना एकमेकांचा दिवस कसा जातो हे माहीत नाही, आणि ती मोकळी जागा कागदावर कुणाची हे एकालाही सांगता येत नाही. तुमचं घोडं इथं अडलंय. अशा वेळी आधी संस्था नोंदवली की अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी नावं कागदावर येतात, आणि ज्यांची नावं आली नाहीत ते त्याच दिवशी बाजूला होतात. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: घरांची वही, मग दीड महिन्यात संपेल असं एकच काम, त्या कामाचा हिशेब चौकात, आणि त्यानंतर गरज दिसली तरच नोंदणी.

यातलं बरंच काही तुमच्या परिस्थितीवर ठरेल, म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे हद्द. फुलेवाडी महापालिकेत आहे, पण त्या बाजूनं थोडं पुढं गेलं की शिंगणापूर, बालिंगा अशा ग्रामपंचायती लागतात. कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उचगावकडेही हेच. हद्दवाढीचा वाद जुना आहे, पण आज तुम्ही घरफाळा कुठं भरता त्यावर तुमचं दार ठरतं. ग्रामपंचायतीत असाल तर विषय ग्रामसभेत मांडायचा, आणि रेखांकन (प्लॉटांचा लेआउट) आणि बांधकाम परवानगीचे प्रश्न २०१७ मध्ये झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे जातात. या प्राधिकरणात आसपासची ४२ गावं आहेत. महापालिकेत असाल तर गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालयं आहेत. घरफाळ्याचं बिल दाखवून तुमचा भाग कोणत्या कार्यालयाकडं येतो, तिथले कनिष्ठ अभियंता कोण, आरोग्य निरीक्षक कोण, मुकादम कोण हे विचारून घ्या. तीन नावं आणि तीन मोबाइल नंबर वहीच्या पहिल्या पानावर आले की निम्मे हेलपाटे वाचतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ती मोकळी जागा, आणि इथं घाई करू नका. मंजूर रेखांकन असेल तर त्यात साधारण १० टक्के जागा खुली म्हणून सोडलेली असते. पण मोकळी दिसणारी प्रत्येक जागा खुली जागा नसते. नगररचना विभागातून मंजूर रेखांकनाची प्रत काढा आणि सिटी सर्व्हेच्या कार्यालयातून मालमत्ता पत्रक किंवा जिथं ते लागू असेल तिथं सातबारा काढा. त्यातून तीनपैकी एक चित्र समोर येतं. जागा महापालिकेकडं रीतसर हस्तांतरित झालेली असेल तर काम सोपं, उद्यान विभाग आणि विभागीय कार्यालयाला लेखी कळवून सफाई करता येते. रेखांकनात खुली जागा आहे पण कागदावर अजून मूळ मालकाचं किंवा विकसकाचं नाव असेल, तर सफाई करा, झाडं लावा, पण कुंपण, शेड, कट्टा, मंदिर असं पक्कं काही उभं करू नका. तिसरा प्रकार गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जागेवरच्या कॉलन्यांचा. तिथं पुष्कळदा खुली जागा सोडलेलीच नसते आणि आपण ज्याला मैदान म्हणतो तो बाहेरगावी राहणाऱ्या कुणाचा तरी रिकामा प्लॉट असतो. तसं असेल तर त्यावर पैसे खर्चू नका. आरोग्य निरीक्षकांना लेखी कळवून मालकाला स्वच्छतेची नोटीस निघेल असं बघा. खासगी प्लॉटवर कॉलनीनं बाक टाकले, मुलं खेळायला लागली आणि दोन वर्षांनी मालकानं पाया खणायला घेतला की भांडण कॉलनीत लागतं, मालकाशी नाही.

आता वही. शंभर पानी साधी वही, एका घराला अर्धं पान. घरातल्या एकाचं नाव आणि एक फोन, माणसं किती, सत्तरीच्या वरचं कोण, एकटं राहणारं कोण, कामाची पाळी कोणती, आणि घरात वायरमन, प्लंबर, नर्स, शिक्षक असं कुणी आहे का, एवढंच लिहायचं. आधार नंबर, जात, पक्ष, भाडं किती यातलं काही विचारू नका. एका जरी घराला शंका आली की पुढची दहा दारं उघडत नाहीत. वही दोघांच्याच ताब्यात ठेवा आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकू नका, कारण त्यात बायकांचे नंबर असतात.

दारोदार दोघांनी जायचं, एक पुरुष आणि एक बाई. एकट्या पुरुषाला दुपारी घरात असलेल्या वहिनी दारातूनच उत्तर देतात, आणि एकट्या बाईला संध्याकाळी प्रत्येक दारात उभं राहणं अवघड जातं. वेळ रविवारी दहा ते बारा, इतर दिवशी संध्याकाळी साडेसहा ते आठ. एका घराला दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणजे एका फेरीत आठ-दहा घरं आणि सगळी कॉलनी सहा-सात फेऱ्यांत. संक्रांत ते रथसप्तमी हा काळ सगळ्यात चांगला. हळदीकुंकवाला बायका एरवीही घरोघर जात असतात, आणि ज्या घरात कधी पाऊल पडलं नाही तिथंही त्या दिवसांत बोलावणं येतं. कॉलनीत बायकांची भिशी चालत असेल तर ती चालवणाऱ्या काकींना आधी भेटा. कोण नियमित पैसे देतं, कुणाच्या शब्दाला वजन आहे, कुणाचं कुणाशी बिनसलंय हे त्यांना पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

दारात विचारायचा प्रश्न एकच: "तुम्हाला इथं रोज कशाचा त्रास होतो?" "आम्ही मंडळ काढतोय, येणार का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात आणि कुणी येत नाही. त्रास विचारला की माणूस बोलतो. कुणी म्हणेल कचऱ्याचा टिपर साडेसातला येतो आणि आम्ही सातलाच पाळीला जातो. कुणी म्हणेल कोपऱ्यावरचा दिवा बंद, कुणी म्हणेल चॅनेल (मोठं गटार) तुंबतं आणि पाणी अंगणात येतं. ही उत्तरं वहीच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक लिहून रेघा ओढत जा. साठ घरं झाली की पहिलं काम कोणतं ते त्या पानावरच दिसतं, बैठकीत त्यावर वाद घालावा लागत नाही.

बहुतेक ते काम कचऱ्याचंच निघेल, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. सफाई ही यातली सोपी बाजू. साफ केलेली जागा पंधरा दिवसांत पुन्हा तशीच होते, कारण कचरा कुठून येतो हे कुणी पाहिलेलं नसतं. झाडू हातात घेण्याआधी सात दिवस फक्त बघा. गाठ मारलेल्या कॅरीबॅगा आणि भाजीची सालं असतील तर तो घरातला कचरा, आणि तो ज्यांचा टिपर चुकतो त्यांचाच असतो. कागदी प्लेटा आणि शहाळी असतील तर जवळच्या गाड्यांवरचा. विटांचे तुकडे, फरशी, प्लास्टर असेल तर आसपास कुठं तरी बांधकाम चालू आहे. बाटल्या आणि चखण्याची पाकिटं असतील तर तिथं रात्री अंधार आहे. प्रत्येकाचा इलाज वेगळा. टिपर चुकणाऱ्यांसाठी शेजाऱ्यांची जोडी लावायची, पहिल्या पाळीला जाणाऱ्यानं रात्री बादली शेजारच्या फाटकात ठेवायची. दहा-बारा घरांचा प्रश्न असेल तर आरोग्य निरीक्षकांना भेटून टिपरची फेरी अर्धा तास अलीकडं घेता येते का ते विचारायचं. गाडीवाल्यांशी थेट बोलायचं, शक्यतो त्यांच्याकडं रोज खाणाऱ्यानंच. बांधकामवाल्याला आधी तोंडी, मग विभागीय कार्यालयामार्फत. अंधारासाठी दिव्याची तक्रार, आणि तिच्यात खांबाचा नंबर न विसरता लिहायचा. "आमच्या कॉलनीतला दिवा" एवढंच लिहिलेली तक्रार वायरमनपर्यंत पोचतच नाही. आणि इथं कोंडाळा, म्हणजे कचरा टाकायची मोठी पेटी, ठेवा अशी मागणी करू नका. कोंडाळा आला की आजूबाजूच्या चार गल्ल्यांचा कचराही तुमच्याच दारात येतो.

सफाईचा दिवस नोव्हेंबर ते जानेवारीत घ्या. पावसाळ्यात जेसीबी रुततो आणि डंपर आत येत नाही. गाजरगवताचं मात्र उलट आहे. ते फुलावर येण्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना मुळासकट उपटायचं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, अंगाला खाज सुटते आणि दमा असणाऱ्याला त्रास होतो, म्हणून त्यांना लांब ठेवा. फुलं आलेलं गवत खताच्या खड्ड्यात टाकू नका, पुढच्या वर्षी खताबरोबर सगळीकडं तेच उगवतं. जेसीबी लावण्याआधी पाण्याची पाइपलाइन, व्हॉल्व्ह आणि ड्रेनेजचे चेंबर कुठून जातात ते चुन्यानं आखून घ्या. दहा मिनिटांचं हे काम राहिलं की नळाची लाइन फुटते आणि कॉलनीचं पहिलंच काम "यांनी आमचं पाणी घालवलं" म्हणून लक्षात राहतं. खरमाती उचलून दुसऱ्याच्या हद्दीत टाकायची नाही, कुठं न्यायची ते आरोग्य निरीक्षकांना आधी विचारून ठेवायचं.

साफ झालं की त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर न ढकलता, कडेनं चुना मारा, दोन बाक ठेवा, मुलांना क्रिकेटची खेळपट्टी आखून द्या. मोकळी आणि रिकामी जागा कचऱ्याला बोलावते, वापरात असलेल्या जागेवर टाकायला माणूस कचरतो. पुढचे पंधरा दिवस सकाळी सहा ते आठ आणि रात्री नऊ ते अकरा तिथं कुणी तरी दिसलं पाहिजे. पहारा म्हणून नको, नुसतं फिरायला किंवा गप्पांना बसा. टाकणाऱ्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ज्याची बदनामी झाली त्याचं घर कायमचं तुटतं, आणि तो आणखी पाच घरांना बरोबर घेऊन जातो.

झाडांची घाई नको. खड्डे मे महिन्यात खणून ठेवा, दोन फूट लांब, रुंद आणि खोल, म्हणजे उन्हानं माती तापते. लावणी जूनचा चांगला पाऊस झाल्यावर. रोप पाच फुटांच्या वरचं घ्या, लहान रोपं शेळ्या ठेवत नाहीत. करंज, बहावा, ताम्हण, कांचन ही इथं तगतात, पण विजेच्या तारांखाली करंजासारखं वाढणारं झाड लावलंत तर दरवर्षी छाटणी होणार. झाडाला बांबूचा आधार आणि पुढचे दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर पाणी. दहा झाडांना दहा घरं नेमून द्या आणि जेवढी घरं कबूल होतील तेवढीच झाडं लावा. पन्नास लावून चाळीस वाळली की पुढच्या वर्षी खड्डा खणायला कुणी येत नाही.

पानगळीसाठी एक जाळी पुरते. चार फूट उंचीची वेल्डेड जाळी दहा फूट घेतली की तीन फूट व्यासाचा गोल होतो. त्यात पानं दाबून भरायची, फूटभर थर झाला की पाच किलो शेण वीस लिटर पाण्यात कालवून शिंपडायचं. फेब्रुवारी-मार्चची पानगळ दिवाळीपर्यंत खत होते. पावसाळ्यात वर पत्रा टाका, नाहीतर आपल्याकडच्या पावसात सगळं कुजून वास सुटतो. जमिनीत खड्डा करू नका, काळ्या मातीत तो जून-जुलैत विहिरीसारखा भरतो. ओल्या कचऱ्याचं खत पहिल्या वर्षी अंगावर घेऊ नका. साठ घरांचा ओला कचरा रोजचा तीस-चाळीस किलो होतो आणि तो सांभाळायला रोज एक माणूस लागतो.

पैशांचं बघू. महिन्याची वर्गणी आत्ता ठेवू नका. माणूस झालेल्या किंवा डोळ्यांसमोर असलेल्या कामाला पैसे देतो, संस्थेला देत नाही. आधी खर्चाचं अंदाजपत्रक करा: जेसीबीचे तास, डंपरच्या खेपा, चुना, बाक. दर हंगामाप्रमाणं बदलतात म्हणून दोन ठिकाणी विचारा. मग ती रक्कम साठानं भागू नका, चाळीसनं भागा. पहिल्या वेळी तीनातली दोन घरं देतात असं धरून चाला. समजा खर्च ६,००० आहे, तर घरटी १५० मागा. साठही घरांनी दिले तर ३,००० उरतील, ती शिल्लक म्हणून फळ्यावर लिहा. ज्यांनी दिले नाहीत त्यांची नावं मात्र फळ्यावर लिहायची नाहीत.

नंबर असलेलं पावतीपुस्तक घ्या. गोळा करणारा आणि खर्च करणारा माणूस वेगळा ठेवा. कुणाच्या रोजच्या वापरातल्या खात्यावर क्यूआर कोडनं पैसे घेऊ नका. त्याचा घरखर्च आणि कॉलनीचे पैसे एकत्र झाले की सहा महिन्यांनी प्रामाणिक माणसालाही हिशेब देता येत नाही. दोघांच्या सह्यांनी चालणारं वेगळं बचत खातं उघडा. काम संपल्यावर तीन दिवसांत जमा, खर्च, शिल्लक चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहा आणि बिलांचे फोटो ग्रुपवर टाका. आपल्या पेठांमध्ये चौकातला फळा वाचायची सवय जुन्या माणसांना आहे, उपनगरात ती लावावी लागते, पण लवकर लागते. माझ्या अनुभवात लोक जोडण्याचं एवढं भरवशाचं साधन दुसरं नाही. ज्यांनी पहिल्यांदा पैसे दिले नाहीत ते हा फळा वाचून दुसऱ्यांदा देतात.

दोन मंडळांचं एकत्रीकरण करायला जाऊ नका. कोल्हापुरात तालीम आणि मंडळ ही माणसाची ओळख असते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या तालमी कुस्तीपासून फुटबॉलपर्यंत एकमेकांशी चुरशीनं भिडतात आणि महापुरात त्याच तालमींची पोरं खांद्याला खांदा लावून उतरतात. तुमच्याकडंही चुरस राहू द्या, फक्त काम वाटून द्या. दोन्ही मंडळांतल्या एकेका ज्येष्ठाला त्यांच्या घरी जाऊन भेटा आणि त्यांच्याकडं जे आहे तेच मागा. एकाकडं मांडवाचे बांबू आणि स्पीकर असेल, दुसऱ्याकडं ट्रॉली आणि वीस पोरं. जागेची एक बाजू यांची, दुसरी त्यांची, आणि नाष्टा एकत्र. फ्लेक्स कुणाचाच नाही, मंडळाचा नाही, नेत्याचा नाही, तुमचाही नाही. फ्लेक्सवर कुणाचा फोटो पहिला यावरून जेवढी कामं मोडतात तेवढी पैशावरूनही मोडत नाहीत. साउंड सिस्टीमचा विषय पहिल्या वर्षी काढू नका. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ती बरोबरच आहे, पण ओळख होण्याआधी नियम ऐकवले तर पोरं लांब जातात. त्याऐवजी गणपतीत विसर्जनासाठी पाण्याची मोठी काहील आणि निर्माल्याचा वेगळा डबा कॉलनीतच ठेवायचा विषय काढा. त्याला दोन्ही मंडळं सहसा तयार होतात, कारण लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन गर्दीत पंचगंगेवर किंवा इराणी खणीवर जावं लागत नाही.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे शहर एका हाकेला जमतं. टोलविरोधी लढा सर्वपक्षीय कृती समितीनं तडीस नेला, मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी कैक वर्षं आंदोलन झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीला ६ मे २०२२ रोजी सकाळी दहा वाजता शहर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं. पण लढ्याला समोर कुणी तरी असतं आणि त्याला शेवट असतो. झाडाला पाणी घालायला समोर कुणीच नसतं आणि ते काम संपत नाही. म्हणून आंदोलनाची पद्धत इथं चालत नाही, इथं पाळ्या लावाव्या लागतात. फळ्यावर महिन्याचा तक्ता, प्रत्येक घराला महिन्यातून एकच दिवस, आणि ज्याला जमणार नाही त्यानं शेजाऱ्याशी अदलाबदल करायची. बैठक दर महिन्याला नको, तीन महिन्यांतून एक, पाऊण तासाची. निमंत्रणाची चिठ्ठी आदल्या संध्याकाळी घरोघर द्या. व्हॉट्सअॅपवर दोन ग्रुप ठेवा, एकात फक्त सूचना, तिथं लिहिण्याचा अधिकार तिघांनाच, आणि शुभ सकाळसाठी दुसरा.

महापालिकेशी व्यवहार लेखी ठेवा. एका अर्जात एकच विषय, एक पान, जागेची खूण, खांबाचा किंवा चेंबरचा नंबर, फोटो, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक. शिक्का नसलेला अर्ज दिला नाही असंच समजायचं. पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र. त्यानंतर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रारी ऐकण्यासाठी होणारा लोकशाही दिन, त्यासाठी अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. रस्ता किंवा गटर झाल्यावर वर्षभरात उखडलं असेल तर माहिती अधिकारात कार्यादेश, अंदाजपत्रक आणि दोष दायित्व कालावधी किती ते मागा. त्या कालावधीत दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंत, उत्तराची मुदत ३० दिवस. "कॉलनीत आजवर झालेल्या सर्व कामांची माहिती द्या" असा अर्ज नाकारला जातो किंवा न वाचताच पडून राहतो. आणि माहिती अधिकार पहिल्या महिन्यात काढू नका. कनिष्ठ अभियंत्यांशी रोजचं काम पडणार आहे, आधी भेटा, बोला, अर्ज द्या.

वही तयार झाली की पुराचं एक पान त्यात जोडाच. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. तुमच्या गल्लीत किती फुटांना पाणी आलं होतं हे जुन्या रहिवाशांना विचारून लिहून ठेवा. पाणी आलंच नसेल तरी निर्धास्त राहू नका, त्या महापुरांत शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रं बुडाली आणि शहराचे नळ बंद पडले होते. माणशी रोज वीस लिटर धरलं तर साठ घरांच्या अडीचशे माणसांना ५,००० लिटरचा एक टँकर रोज लागतो. कुणाकडं बोअर आहे, वीज गेल्यावर ती चालवायला जनरेटर कुणाचा, टँकर कुठं उभा राहील, सत्तरीच्या वरच्या माणसांना पाणी वर नेऊन कोण देईल, हे जूनच्या आधी ठरवा.

आता नोंदणी. तीन प्रसंगी ती लागते: एका कामापुरतं न राहता वर्षभर पैसे हातात राहायला लागले, महापालिकेनं खुली जागा देखभालीला देण्याची तयारी दाखवली, किंवा कंपनी-बँकेकडून देणगी येणार असेल. किमान सात जण, नियमावली, ठराव, कार्यालयाच्या जागेचं ना-हरकत पत्र आणि ओळखपत्रं घेऊन धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली ती होते. अवघड भाग नोंदणीनंतर सुरू होतो. दरवर्षी हिशेब तपासून दाखल करायचे आणि कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. बहुतेक संस्था इथंच अडकतात. अध्यक्ष गाव सोडून जातात, बदल अर्ज राहतो, बँक जुन्याच सह्या मागते आणि खातं पडून राहतं. हे सांभाळणारा एक माणूस दिसत असेल तरच नोंदवा. नुसती गणपतीची वर्गणी गोळा करायची असेल तर नोंदणी नसलेल्या मंडळाला १९५० च्या अधिनियमाच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी मिळते, तेवढी दोन्ही मंडळांनी घेतली आहे का बघा.

राहिला नगरसेवकांचा प्रश्न. पहिल्या कार्यक्रमाला बोलवू नका. आता एका प्रभागाला एकापेक्षा जास्त नगरसेवक आहेत आणि ते एकाच पक्षाचे असतील असं नाही. एकाला बोलावलंत तर उरलेल्यांचे लोक तुमच्या कामाला त्या एकाचंच काम समजतात. सफाई झाली, हिशेब लागला, झाडं लागली की प्रभागातल्या सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलवा. सत्कार, शाल, नारळ नको, चहा पुरे. जागा दाखवा, फळा दाखवा आणि प्रत्येकाच्या हातात एकाच मजकुराचं एक पान द्या: तुमच्याकडून न होणारं आणि महापालिकेलाच करता येईल असं एकच काम, बहुधा ते चॅनेल, खाली विभागीय कार्यालयाचा आवक क्रमांक आणि तारीख. कोण काय म्हणालं ते त्याच संध्याकाळी नावासकट वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी त्याच पानाची झेरॉक्स घेऊन सगळ्यांकडं पुन्हा जा.